ओंजळींनी मोकळे झालेले दार

श्री. भिकाजी परब यांची आणि माझी ओळख झाली, त्या दिवशी मी त्यांच्या कामावर झाडू फिरवला होता. साठीच्या गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करावी की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ओळख झाली ती तशीच. भाऊंविषयी (त्यांना आपण सारे भाऊच म्हणतो) जे झाले तेच लिहायचे, असे ठरवूनच मी लिहायला बसले आहे.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे ग्रंथपाल निवृत्त होणार होते आणि त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्यांत मी होते. सकाळी सभागृहात गेले तर सगळ्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या पुडीचा पातळ थर, आणि त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले उमटलेली. मला वाटले, छताचा गिलावा पडला. शिपायाकडून मी झाडू आणला, सगळी फरशी झाडली, वर ओले फडके फिरवले आणि स्वतःवर खूश होऊन दारात उभी राहिले. तेवढ्यात खाकी अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेले, पन्नाशीचे, ठेंगणे गृहस्थ चहा पिऊन परत आले.

“हयसर माझी पूड होती. खंय गेली?”

“मी झाडली. किती घाण करून ठेवली होती कुणीतरी!”

“कुणीतरी म्हणजे मीच तो,” असे म्हणून ते हसायला लागले, आणि इतके हसले की त्यांना मंचाच्या पायरीवर बसावे लागले. “अगो बाय माझे, दोन तास माणसं चालवली होती मी तिच्यावर!”

रागावणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी पिशवीतून संगजिऱ्याची पूड काढली, पुन्हा सगळीकडे भुरभुरली आणि मला शेजारी बसवून घेतले. अर्धा तास आम्ही नुसते बसून होतो. मुले आली, गेली. शिपाई पाण्याची घागर घेऊन गेला. हळूहळू फरशीवर पावलांच्या वाटा दिसायला लागल्या.

“बघ,” भाऊ म्हणाले, “पोरं सगळी खिडकीकडून चालतात, वाऱ्याला. मधोमध कुणी जात नाही, लाजतात. शिपाई त्या कोपऱ्यातून येतो. आता मी मधोमध मोठं कमळ काढलं आणि म्हटलं, इकडून या, तर येतील?”

“नाही.”

“मग वाट खिडकीकडून. आधी बघूक शीक, मगे काढूक शीक.”

त्या संध्याकाळी दारापासून खिडकीच्या कडेकडेने ग्रंथपालांच्या खुर्चीपर्यंत उघड्या पुस्तकांची एक रांग होती. पाने पांढऱ्या भुशाची, कडा तपकिरी भुशाच्या. शेवटच्या पुस्तकाचे पान भाऊंनी कोरे ठेवले होते. आमचे ग्रंथपाल मितभाषी गृहस्थ. ते त्या पानापाशी थांबले, खाली वाकले आणि बोटाने त्यावर लिहिले: ‘परत केले.’ तीस वर्षे ते दर पुस्तकाच्या नोंदीपुढे हेच दोन शब्द लिहीत आले होते. सभागृहात कुणाला टाळ्या वाजवाव्यात हेही सुचले नाही. जमिनीवर काढलेल्या चित्रातून असे काही घडू शकते, हे मला त्या दिवशी कळले आणि मी भाऊंच्या मागे लागले.

भाऊंचा पेशा वेगळाच आहे. साकीनाक्याच्या एका ओतशाळेत ते लाकडी साचे करतात. यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी लाकडात जसाच्या तसा घडवायचा, हे त्यांचे काम. केसभर चूकही तिथे चालत नाही. या कामातून रोज पोतेभर भुसा निघतो. तो जाळून टाकतात हे भाऊंना पाहवेना. त्यांनी तो घरी आणला, चाळला, कापडाच्या रंगात बुडवून वाळवला, आणि मालवणकडे आईने शेणाने सारवलेल्या अंगणात काढलेल्या कण्या-वेली आठवून दहिसरच्या चाळीतल्या एका बारशाला पहिली जमीन सजवली. त्या चाळीच्या गच्चीवर आजही वहिनी भुसा वाळत घालतात. वहिनींचे हात आठवडाभर एकाच रंगाचे असतात, आणि त्या रंगावरून पुढच्या रविवारी मुंज आहे की लग्न, हे शेजारणी ओळखतात. भाऊंच्या सर्व कामात निम्मा वाटा वहिनींचा आहे. भाऊ तो नेहमी सांगतात आणि वहिनी नेहमी नाकारतात.

त्यांच्या कल्पनांविषयी पुष्कळांनी या ग्रंथात लिहिले असेल. मला दोनच सांगायच्या आहेत.

बोरिवलीच्या एका सोसायटीत एका बसचालकांच्या निवृत्तीचा समारंभ होता. भाऊंनी फाटकापासून खुर्चीपर्यंत राखाडी भुशाचा रस्ता केला, मध्ये पांढरी तुटक रेघ, आणि कडेला थांबे. थांब्यांची नावे त्यांनी चालकांच्या पत्नीला आठवडाभर आधी विचारून आणली होती. पहिला थांबा गावाचा, दुसरा जिथे पहिली खोली घेतली तिथला, एक थांबा मुलगी झाली त्या इस्पितळाचा. चालक रस्त्यावरून चालत निघाले आणि प्रत्येक थांब्याला खरोखर थांबले. इस्पितळाच्या थांब्यावर ते इतका वेळ उभे राहिले की मागून त्यांच्या पत्नी मोठ्याने म्हणाल्या, “टिंग टिंग! अहो, चला आता, मागे गाड्या खोळंबल्यात!” सगळी सोसायटी हसली आणि चालक डोळे पुसत पुढे निघाले.

दुसरी गोष्ट अंधेरीची. एका बंगल्यात मुलाच्या वाढदिवसाची मोठी पार्टी होती. यजमानांना दिवाणखान्यात तांदूळ आणि रंगवलेल्या डाळींचा मोर हवा होता. भाऊ म्हणाले, “साहेब, ताटातलं पायाखाली नको. मोर तुमचाच राहील, फक्त भुशाचा असेल.” यजमानांना ते पटले नाही. भाऊंनी तीन डब्या भुशाच्या आणि एक रंगवलेल्या डाळीची, अशा चार डब्या उघडून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि यातली डाळ कुठली ते सांगा म्हणाले. यजमानांनी दोनदा चुकीचे सांगितले आणि मग हसून हो म्हणाले. मोराच्या शेजारी भाऊंनी ठिकरीच्या खेळाचे रंगीत घर आखले. मुले आली आणि थेट त्यात उड्या मारायला लागली. त्यांच्या आया ओरडल्या, “अरे, रांगोळी मोडेल!” भाऊ म्हणाले, “मोडू द्या. उड्या मारायलाच काढलंय ते.” पार्टी संपली तेव्हा बंगल्याच्या पांढऱ्या गालिच्यावर बारीक बारीक निळी-गुलाबी पावले होती आणि यजमानीणबाई फार खूश नव्हत्या. पण पुढच्या वर्षी त्या मुलाने केकच्या आधी भाऊंचे नाव घेतले.

आता माझ्या घराविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझे वडील, आबा, महानगरपालिकेत सफाई कामगार होते. आम्ही साताऱ्याकडचे, बौद्ध. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती. घरात पहिली पदवी माझी. संध्याकाळी मी भाऊंबरोबर हॉलमध्ये जमिनीवर उकिडवी बसून भुसा पसरते, हे कळल्यावर आबा फार दुखावले. “मी रस्ते झाडले ते हिनं खुर्चीवर बसावं म्हणून,” एवढेच ते म्हणाले आणि चार दिवस बोलले नाहीत. भाऊ दहिसरहून आमच्या घरी आले. त्यांनी आबांची समजूत वगैरे घातली नाही. चहा घेतला आणि म्हणाले, “बाबा, खुर्चीवर बसेल ती. संध्याकाळी जरा खाली उतरेल, एवढंच.” परीक्षेच्या दोन महिन्यांत त्यांनी मला एकाही कामावर येऊ दिले नाही. एकदा मी न सांगता घाटकोपरच्या एका हॉलवर गेले तर माझ्या हातातली चाळणी काढून घेतली आणि म्हणाले, “हयसर दिसायचं नाय. पुस्तक खंय तुझा?” मी आज पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, खुर्चीवर बसते, आणि शनिवारी दुपारी मुलींना जमीन सजवायला शिकवते. आबांचे आणि भाऊंचे दोघांचेही म्हणणे खरे झाले.

यापुढचे मी आजवर कुठेही लिहिले नाही, आणि बोललेही नाही.

माझी मोठी बहीण आक्का. सातवीनंतर तिने शाळा सोडली ती मला शिकता यावे म्हणून. साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात तारांची वेटोळी गुंडाळत तिची आठ वर्षे गेली. माझी पुस्तके, माझे प्रवासाचे पास, माझी पदवी, हे सगळे तिच्या बोटांनी गुंडाळलेले आहे. तिचे लग्न एकदा ठरून मोडले होते. कारण इतके क्षुल्लक की सांगायची लाज वाटते. सुपारीच्या दिवशी मुलाच्या मामांना बसायला लोखंडी खुर्ची मिळाली आणि इतरांना लाकडी. ते उठून गेले ते गेलेच. त्यानंतर दोन वर्षे घरात लग्नाचा विषय निघाला नाही. मग ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या मुलाचे स्थळ आले. मुलगा आईवडिलांवेगळा, चुलत्यांनी वाढवलेला. चुलत्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या सज्जन पण करारी, शब्दाला जपणारे आणि मानाला त्याहून जपणारे. या वेळी काही बिघडू नये, एवढेच आम्हा सगळ्यांच्या मनात होते. आक्का तर हळदीच्या दिवशी मला म्हणाली होती, “खुर्च्या सगळ्या एकसारख्या आहेत ना, बघ हं.”

लग्न वस्तीतल्या समाजमंदिरात होते. पुढे एकच दार आणि दारापुढे चार पावलांची पडवी, दोन्ही बाजूंना भिंती. मागचे दार स्वयंपाकाच्या जागेतून. भाऊ आणि वहिनी सकाळीच आले होते. आतली जमीन भाऊ करणार आणि पडवी मी, असे ठरले. मीच हट्ट धरला. “भाऊ, दाराचं मी एकटी करणार. माझ्या माणसांचं कार्य आहे.”

भाऊंनी एवढेच विचारले, “पूड टाकून बघितलंस? कोण कसा येतो-जातो?”

“गरज नाही, भाऊ. माझीच माणसं आहेत ती. मला ठाऊक आहेत.”

ते चाळणी उचलून आत गेले.

मी फरशी तीन वेळा धुतली. पहाटे बाजारातून आणलेली फुले सोडवली आणि नुसत्या पाकळ्यांचे धम्मचक्र केले. झेंडूच्या केशरी आऱ्या, शेवंतीचे पांढरे घर, मध्ये गोकर्णीचा निळा ठिपका. चोवीस आऱ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आक्कासाठी यापेक्षा मोठे, यापेक्षा पवित्र मला दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते. तीन तास लागले. शेवटची पाकळी ठेवून मी आतल्या बाजूने उंबऱ्यावर उभी राहिले तेव्हा मला वाटले, माझ्या शिक्षणाची थोडीतरी परतफेड झाली.

मग नवऱ्याकडची मंडळी आली. पन्नास-साठ माणसे, मे महिन्याचे ऊन, सर्वांत पुढे तात्या, पांढरा लेंगा, पांढरा सदरा. पायताण काढून ते पडवीच्या कडेशी आले आणि थांबले. मागची माणसे त्यांच्या पाठीशी थांबली. मला वाटले, चित्र पाहत आहेत.

“पोरी,” तात्या म्हणाले, “यावर पाय कसा ठेवू?”

मला तेव्हाच दिसले. चित्राभोवती बोटभरही जागा नव्हती. आणि हे चक्र होते. आमच्यापैकी कुणीही, अगदी लहान मूलदेखील, त्याच्यावर पाय ठेवणार नव्हते. मी स्वतःसुद्धा तीन तास त्याच्याभोवती सरकत सरकत मागे आले होते. येणारा माणूस आत कसा येईल, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

“फळी टाकू या,” कुणीतरी म्हणाले.

“फळी टाकली तरी खाली काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे की,” तात्या म्हणाले.

“मग मागच्या दारानं...”

हे वाक्य आमच्याच एका नातेवाईकाने उच्चारले. तात्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, “आमचा बा आयुष्यभर मागच्या दारानंच गेला. लग्नाला आम्ही पुढच्या दारानं येणार.”

मागून एका बाईंचा आवाज आला, “नवरीची बहीण शिकलेली आहे म्हणं. दार कशासाठी असतं ते शिकवत नाहीत वाटतं कॉलेजात?”

आबा आतून पुढे आले. कुणीतरी त्यांच्या हातात झाडू दिला. आबांनी झाडूकडे पाहिले, चक्राकडे पाहिले आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला. “सगळी मुंबई झाडली मी,” ते म्हणाले, “ह्याच्यावर झाडू नाही मारणार.” मी खाली बसून पाकळ्या गोळा करायला हात पुढे केला तर म्हणाले, “आणि गोळा करून टाकणार कुठं? डब्यात?”

उन्हात म्हातारी माणसे उभी होती. पदराने वारा घेत होती. तात्यांच्या मागे नवरामुलगा मान खाली घालून उभा होता. दोन-तीन माणसे रस्त्याच्या बाजूला सरकली, आणि मागच्या वेळी मामा उठले तेव्हा त्यांची माणसेही अशीच आधी बाजूला सरकली होती. आत पडद्याआड आक्का पांढरी साडी नेसून बसली होती. लग्न मोडणार आणि ते माझ्या हाताने मोडणार, याविषयी माझ्या मनात काही शंका उरली नव्हती.

भाऊ आतून आले. त्यांनी चक्र पाहिले, बाहेरची माणसे पाहिली आणि माझ्याकडे न पाहता ते आबांजवळ गेले. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आले.

“बाबा, मला तुमच्यातलं ठाऊक नाही, म्हणून विचारतो. वंदनेला फुलं वाहतात ना?”

“वाहतात.”

“ही वाहिली तर चालतील?”

आबांनी पाकळ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, “फुलंच आहेत. वाहायचीच असतात.”

भाऊ उंबऱ्यावर आले आणि त्यांनी हात जोडले. “तात्या, पोरीनं असं योजलं होतं की येणाऱ्या प्रत्येकानं ओंजळभर फुलं इथून उचलावी आणि आत जाऊन आपल्या हातानं वाहावी. घाईत सांगायचं राहून गेलं. जमिनीवरचं फूल तुमच्यात वाहायला चालतं की नाही, ते तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं काही बघू.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. “फरशी धुतलीय?”

“तीनदा,” मी कसेबसे म्हणाले.

“मग चालतंय की.”

ते खाली बसले. सदऱ्याच्या बाह्या सावरून त्यांनी चक्राच्या कडेच्या पाकळ्या दोन्ही हातांनी उचलल्या. कुणीतरी त्यांच्यापुढे ताट धरले. त्यांच्या शेजारी नवरामुलगा बसला, मग इतर. आतल्या बाजूने आबा बसले. दोन्हीकडून माणसे बसल्या बसल्या पुढे सरकत होती, पाकळ्या उचलत होती, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हते. मघाच्या त्या बाई माझ्यासमोरच बसून केशरी आरी उचलत होत्या. एक एक आरी गेली. शेवटी मधला निळा ठिपका तेवढा उरला, त्याच्या एका बाजूला आबा आणि दुसऱ्या बाजूला तात्या.

“घ्या, तुम्ही पाव्हणे,” आबा म्हणाले.

“तुमची लेक आहे, तुम्ही घ्या.”

“आता तुमचीबी हाये.”

दोघांनी अर्धी अर्धी फुले घेतली. तात्या उठताना आबांनी त्यांना हाताचा आधार दिला. पडवी मोकळी झाली होती, धुतल्यासारखी स्वच्छ. सगळी मंडळी पुढच्या दाराने, ओंजळी भरून आत आली. वंदनेला ती फुले वाहिली आणि उरलेली नवरानवरीवर पडली. मी स्वयंपाकाच्या जागेत जाऊन एका पोत्यावर बसले आणि रडले. वहिनींनी मला शोधून काढले, पाणी दिले, निळ्या हातांनी माझे डोळे पुसले. त्या दिवसाच्या फोटोत माझ्या गालावर एक निळा डाग आहे.

त्यानंतर जे झाले ते आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. “काय कल्पना काढलीस, पोरी!” असे प्रत्येक जण म्हणत गेला. तात्यांनी ट्रॉम्बेला दहा घरी ती गोष्ट सांगितली. आमच्या वस्तीत, मग विक्रोळीत, मग चेंबूरला लग्ने त्या पद्धतीने व्हायला लागली. पाकळ्या उचलत आत जायचे, ही मुलुंडची पद्धत म्हणून ओळखली गेली. एका महिला मंडळाने ती सुचल्याबद्दल माझा सत्कार केला. मी शाल घेतली. चार वाक्ये बोललेसुद्धा. भाऊ तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. परत येताना मी त्यांना म्हटले, “भाऊ, तुम्ही काही बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “कशाबद्दल?” आणि मला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या.

सात वर्षे मी हे मनात बाळगून आहे. गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा माझ्यापुढे दोनच मार्ग होते. एक तर हे सारे वगळून भाऊंच्या भुशाविषयी लिहायचे, नाहीतर खरे सांगायचे. मी आधी आक्काकडे गेले. ती धाकट्याला भात भरवत होती. मी सगळे सांगितले. तिने घास थांबवला नाही.

“मला तेव्हाच कळलं होतं गं,” ती म्हणाली. “पडद्याच्या फटीतून बघत होते. तुझं तोंड चुन्यासारखं झालं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“लग्न लागलं की. मग बोलायचं काय?”

नंतर भाऊंकडे गेले. ते मात्र नाराज झाले. “माझ्या पुस्तकात तुझी चूक कशाला?”

“ती काढली तर तुमच्याविषयी सांगायला माझ्याजवळ राहतं काय, भाऊ?”

बराच वेळ ते चाळणीच्या जाळीतून भुसा झटकत राहिले. मग म्हणाले, “बरं, लिही. पण नीट लिही. कल्पना माझी नव्हे. मी विचारलं. होय म्हटलं ते तुझ्या बाबांनी आणि तात्यांनी. ते नाय म्हणाले असते तर मी काय करणार होतो? माका काय ठाऊक!”

म्हणून नीट लिहिले आहे. ज्या पद्धतीसाठी मला शाल मिळाली, ती माझ्या चुकीतून आली आणि तिला वाट भाऊंनी काढून दिली. स्वतःला ठाऊक नाही हे भरल्या मांडवात मोकळेपणाने सांगून त्यांनी विचारले, आणि नंतर सात वर्षे गप्प राहून मला वाढू दिले. ती शाल मी वहिनींना द्यायला नेली होती. त्यांनी ती भुसा झाकायला चालेल का म्हणून विचारले. मी हो म्हटले. तात्यांना अजून काही माहीत नाही. समारंभाला ते येणार आहेत, आणि हा लेख मीच त्यांना वाचून दाखवीन. ते रागावले तर रागावतील. आता मला त्याची भीती वाटत नाही. हे लिहून संपवताना मला खांद्यावरून भरलेली घागर उतरवल्यासारखे वाटते आहे.

भाऊ, ओतशाळेतून तुम्ही या वर्षी मोकळे व्हाल. डॉक्टरांनी तुम्हाला उकिडवे बसू नका म्हणून सांगितले आहे आणि तुम्ही ऐकत नाही, हे आम्हाला वहिनींकडून कळते. तुमचे गुडघे आणि तुमची नजर आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवी आहे, तेव्हा डॉक्टरांचे थोडे ऐका. तुम्ही पाटावर बसून नुसते सांगा, भुसा आम्ही पसरू. तुमच्या पंचाहत्तरीची जमीन आम्ही सजवू आणि तुम्ही तिच्यात चुका काढा. वहिनींचे हात तोपर्यंत असेच दर आठवड्याला नवा रंग घेवोत, आणि तुम्हा दोघांना दुखण्याशिवाय, काळजीशिवाय, भरपूर माणसांच्या गोतावळ्यात दिवस जावोत.

आणि आक्काने तुम्हाला एक निरोप दिला आहे. मी विचारले, भाऊंना काय सांगू? ती म्हणाली, “सांग, सगळं नीट चाललंय. त्यांना तेवढंच ऐकायचं असेल.”